डाव्या कोपऱ्यातलं वऱ्हाड

त्या गावात संध्याकाळ आभाळातून उतरत नाही. ती चिमण्यांतून उतरते.

वीज केंद्राच्या त्या उंच, उदास, आभाळाला टेकलेल्या चिमण्या दिवसभर धूर विणत बसतात, आणि सूर्य कलला की ते विणलेलं सगळं हलकेच गावावर अंथरतात. राखधूसर. मऊ. निःशब्द. कडुनिंबाच्या पानांवर राख, टिनाच्या छपरांवर राख, दोरीवर वाळणाऱ्या शाळेच्या शर्टावर राख. सूर्य त्या राखेत बुडताना लाल होत नाही. घासायच्या राहून गेलेल्या तांब्याच्या गडव्यासारखा तो काळवंडत जातो, काळवंडत जातो, आणि मग नुसताच नसतो.

आणि मग भोंगा वाजतो.

दिवसपाळी सुटल्याचा भोंगा. आधी खोल, मग लांब, मग आणखी लांब. जमिनीच्या पोटात कोणीतरी सकाळपासून श्वास धरून बसलं होतं आणि आता सोडतंय, असा. त्या आवाजावर गावातली दारं उघडतात, गॅस पेटतात, चहाची भांडी चढतात. आणि गावातल्या सगळ्या बायका, हातातलं काम न सोडता, एकदा रस्त्याकडे बघतात.

त्या राखेच्या गावात एकच गोष्ट स्वच्छ होती. कॉलनीच्या शेवटच्या ओळीत, शेवटच्या क्वार्टरमध्ये, खिडकीजवळ ठेवलेल्या काचेच्या टाकीतलं पाणी.

पाणी असं, की आहे हे कळू नये. आणि त्या नसल्यासारख्या पाण्यात मासे.

डॅनिओ म्हणतात त्यांना. बोटाएवढे. निळसर रुपेरी अंगावर सोन्याच्या तुटक रेघा, जणू कोणी शालूचे काठ उसवून पाण्यात सोडून दिलेत. हा मासा बसत नाही. थांबत नाही. एकटा राहत नाही. झुंडीनं येतो, झुंडीनं वळतो, झुंडीनं चमकतो आणि झुंडीनं विझतो. एक वळला की सगळे वळले, आणि पहिला कोण वळला ते देवालाही सांगता यायचं नाही. मुळात हा डोंगरातल्या खळाळत्या ओढ्यांचा मासा. त्यामुळे उभ्या पाण्यातही तो वाहतच असतो. पाणी वाहत नाही ना, मग मी वाहतो, असा त्याचा हट्ट.

नीलकंठची बायको कुंदा त्यांना वऱ्हाड म्हणायची.

"आलं बाप्पा माह्यं वऱ्हाड!" दाणे टाकताना ती म्हणायची. "जेवा, जेवा. नवरदेवाची वाट नका पाहू. त्याले उशीर हाये."

नवरदेव म्हणजे नीलकंठ. बॉयलरवरून राखेनं माखून येणारा, कमी बोलणारा, घरात आल्यावर आधी माशांचं कौतुक ऐकून वैतागणारा.

"माणसाले कोणी एवढं विचारत नाही या घरात," तो कुरकुरायचा.

"मासा होऊन जा मंग. सोडतो तुमालेबी पाण्यात."

"त्यात पाणी काळं होईन तुह्यं."

"होऊ द्या. बदलून टाकीन." आणि हसायची. पाणी की नवरा, हे सांगायची नाही.

भोंगा वाजला की तिचं एकच ठरलेलं. हात पदराला पुसायचे, दाण्यांचा डबा उचलायचा, आणि टाकीच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभं राहायचं. काच आणि खिडकी यांच्यामधली ती अरुंद जागा. एका बाईपुरती. वऱ्हाड सगळं तिच्यापुढे गोळा व्हायचं, दाणे पडायचे, पाणी उकळल्यासारखं चमचमायचं. पण ती दाण्यांकडे बघत नसायची, माशांकडेही नाही. वळणावर नीलकंठची मोटारसायकल दिसेपर्यंत ती रस्त्याकडे बघायची.

रस्त्यावरून त्याला रोज दिसायचं ते एवढंच. खिडकीत एक चेहरा, आणि चेहऱ्याच्या बाजूला काहीतरी लखलखणारं.

कार्तिकात तिला ताप आला. साधा वाटला. साधा नव्हता. कार्तिक संपायच्या आत ती संपली.

*

दहाव्या दिवशी नदीकाठी सगळे जमले. ऊन पांढरं. वाळू पांढरी. पुढ्यात ठेवलेले भाताचे पिंड पांढरे. आणि पल्याडच्या बाभळीवर, काळ्या फळांसारखे लगडलेले कावळे.

माणसं मागे सरली. कावळे पुढे येईनात.

ज्यानं हा क्षण पाहिलाय त्याला सांगायला नको. कावळा पिंडाला शिवला, तर गेलेलं माणूस तृप्त. मोकळं. नाही शिवला, तर त्याचं कुठेतरी काहीतरी अडकलंय. काय अडकलंय ते जिवंतांनी ओळखायचं, आणि ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं. बोलणारे इकडे, ऐकणारं तिकडे, आणि मधे साक्षीदार म्हणून एक काळा पक्षी.

कुंदाची आई पुढे झाली. "तुह्या भावाचं लगन मी नीट लावीन वो माय. त्याची काळजी नको करू."

कावळा नाही.

नीलकंठची मोठी बहीण बेबीताई म्हणाली, "तुह्या नवऱ्याले उपाशी ठेवणार नाही आमी. जा बाई सुखानं."

कावळा नाही.

कोणी साड्यांचं बोललं. कोणी तुळशीचं. कोणी म्हणालं, मूल नव्हतं म्हणून जीव घुटमळतोय. ऊन चढत गेलं, वाळू तापत गेली, पिंडावरचे तीळ उन्हात लकाकू लागले. क्रिया सांगणारे महाराज निमूटपणे दर्भाचा कावळा वळायला बसले. खरा आला नाही की तसा शिववतात. उपाय संपल्याची ती खूण.

तेव्हा नीलकंठला कंठ फुटला. त्याला स्वतःलाच आवाज ओळखू आला नाही.

"कुंदे, तुह्यं वऱ्हाड कमी होऊ देणार नाही मी. एकबी मासा कमी होऊ देणार नाही."

बाभूळ हलली.

एक कावळा सुटला. उडाला नाही, सुटला, हातातून काहीतरी निसटावं तसा. सरळ पिंडावर. चोच खाली, चोच वर. आणि काठावरच्या सगळ्या छात्यांतून एकदम हवा बाहेर पडली. बायका रडल्या. मोकळी झाली, मोकळी झाली, म्हणाल्या.

नीलकंठला मात्र वाटलं, कोणीतरी आपला अंगठा धरून शाईत बुडवला, आणि कशावर तरी उमटवून घेतला.

*

त्यानंतर तो मासे पाळायला शिकला. वैतागणाऱ्या माणसानं शिकावं तसा, चुकत, चिडत, चिकाटीनं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उभं ठेवायचं, मगच टाकीत घालायचं. टाकीवर जाळी ठेवायची, कारण हा मासा आनंदातही उडी मारतो आणि भीतीतही. दाणे सकाळी, पाळीवर जाण्याआधी. दाराजवळच्या उजव्या बाजूनं, चपला पायात असतानाच, घाईघाईत.

डाव्या कोपऱ्यात तो गेलाच नाही. त्या एका बाईपुरत्या जागेत त्याचे खांदे मावले असते की नसते कोण जाणे. त्यानं पाहिलंच नाही.

मग एक सुट्टीचा दिवस आला. दुपारभर तो झोपला होता. जाग आली तेव्हा खोलीत ती काळवंडलेली संध्याकाळ भरली होती आणि बाहेर भोंगा वाजत होता. आधी खोल. मग लांब.

आणि वऱ्हाड थांबलं.

जे कधी थांबत नाही ते थांबलं. टाकीभर वाहणारी ती रुपेरी लगबग एका झटक्यात गोळा झाली, डावीकडे गेली, काचेला भिडली आणि स्थिर झाली. मासा समोरून बघत नाही, कडेनं बघतो. तसे सगळे आडवे झाले. एकाखाली एक, एकामागे एक, प्रत्येकाचा एकेक गोल, पापणी नसलेला डोळा त्या रिकाम्या जागेकडे. पाण्याच्या वर. एका ठरावीक उंचीवर.

भोंगा संपला. ते सुटले. पुन्हा वाहू लागले.

नीलकंठ अंथरुणावर तसाच बसून राहिला. भीती वाटली का? वाटली. पण भीतीच्या खाली, राखेखालच्या निखाऱ्यासारखं, आणखी काहीतरी होतं. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी कोणाची तरी वाट पाहिली होती.

सवय असेल, तो स्वतःला म्हणाला. जनावराला सवय असते. त्यांनी तिला पाहिलंय. विसरतील.

ते विसरले नाहीत. पण मरायला लागले.

*

एखादा सकाळी तळाशी पडलेला दिसायचा, सोनं उतरलेला. एखादा जाळीच्या फटीतून उडून फरशीवर वाळलेला. मासाच तो, त्याचं आयुष्य ते केवढं! पण वचन होतं. एक गेला की नीलकंठ त्याच दिवशी बाजारात जायचा, बब्बूभाईच्या माशांच्या दुकानात, आणि एक मासा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन यायचा. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवायची. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांना ओळखेपर्यंत. मग गाठ सोडायची.

"एकच?" बब्बूभाई हसायचा. "भाऊ, हे काय वांगं हाये, भाजीत कमी पडलं म्हून एक न्यायले?"

"एकच द्या."

"झुंडीचा मासा हाये हा. पाच-सहा न्या, खेळतीन मजेत."

"घरी हायेत बाकीचे."

"मंग मरते कोण?" बब्बूभाई जाळं पाण्यात फिरवत म्हणायचा. "दर वेळी एक नेता. घरात मासे हायेत का भाड्याची खोली?"

नीलकंठही हसायचा. पिशवी छातीशी धरून, मोटारसायकल हळू चालवत घरी यायचा. राखेच्या रस्त्यावरून एक इवलंसं पाणी, आणि पाण्यात एक घाबरलेली ठिणगी.

असे जुने गळत गेले, नवे मिळत गेले. शेवटी कुंदाला पाहिलेला एकच उरला. शेपटीला खाच पडलेला, पाठीतून वाकलेला, म्हातारा. सगळ्यांच्या मागे राहायचा, पण भोंग्याला सगळ्यांच्या आधी कोपऱ्यात पोचायचा. कुंदा गेल्यानंतरच्या दुसऱ्या चैत्रात, एका भगभगीत सकाळी, तोही गेला. नीलकंठनं त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं, बब्बूभाईकडून एक आणला, गाठ सोडली.

आता संपलं, त्याला वाटलं. आता या टाकीत एकही डोळा असा नाही की ज्यात कुंदा कधी उमटली होती.

पुढची सुट्टी. संध्याकाळ. सूर्य काळवंडला. भोंगा वाजला, आधी खोल, मग लांब.

आणि वऱ्हाड थांबलं.

तेच वळण, तोच कोपरा, तीच उंची. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते, ज्यांना तिच्या हातचा एक दाणाही मिळाला नव्हता ते, जे कुठल्या परक्या गावच्या हौदात जन्मले होते ते. सगळे आडवे. सगळे स्तब्ध. सगळे त्या एका बाईपुरत्या जागेकडे डोळे लावून.

जुन्यांनी नव्यांना सांगितलं होतं. कसं, ते पाण्यालाच माहीत. आई लेकीला सांगते तसं, सासू सुनेला दाखवते तसं. इथे थांबायचं. इकडे बघायचं. ती इथे असते.

ती आता कोणाही माशाच्या आठवणीत नव्हती. तरी तिथे होती.

*

वैशाखात बेबीताई आली. भावाचं घर आवरायला, आणि भावालाही. दोन दिवस तिनं भांडी घासली, कोळ्यांची जाळी काढली, भावाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. ती टाकीसमोर फरशीवर पाय पसरून गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. भोंगा वाजला.

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली.

भोंगा संपला. मग ती अगदी हळू म्हणाली, "तिकडून दाणे टाकते का तू?"

"नाही. मी इकडून टाकतो. सकाळी."

"मंग तिकडून कोण टाकते?"

नीलकंठ दिवा लावायला उठला, आणि लावला नाही.

"नीलू." बेबीताईनं पदर डोक्यावर घेतला. देवळात घेतात तसा. "कावळा शिवला तवाच मोकळी झाली होती ते. जाऊन राह्यली होती बिचारी आपल्या वाटेनं. अन् तू रोज हाक मारून तिले उभी करून राह्यला."

"मी कुठं मारतो हाक?"

"तू नाही मारत. हे मारतात. अन् ह्यायले जिवंत कोण ठेवते?"

"वचन देल्लं होतं ताई. तूच होती ना तिथं."

"होती ना. ऐकलं म्या. मासे कमी होऊ देणार नाही म्हणला तू. हेच ठेवीन असं नाही म्हणला."

नीलकंठ तिच्याकडे बघत राहिला. ताई चौथी शिकलेली. पण या घडीला तिच्यासमोर कोणी वकील टिकला नसता.

"सारे एकदम बाहेर काढ," ती म्हणाली. "सारे एकदम नवे आण. जुन्यापैकी एकबी ठेवू नको शिकवाले. वचनबी राहीन अन् कुंदाबी सुटन." मग हातातली शेंग तिनं खाली ठेवली. "उभी राहून राहून पाय दुखत असतीन रे तिचे."

हे शेवटचं वाक्य नसतं, तर कदाचित तो गेला नसता.

त्याला ते दिसलं. राखेच्या अंधारात, अरुंद जागेत, बसता न येणारी, जाता न येणारी कुंदा. वळणाकडे बघणारी. नीलकंठ केव्हाच घरात आला होता, आणि तरी ती त्याची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्याआधी त्यानं वऱ्हाड पिशवीत भरलं. सगळं. एकही न ठेवता.

"सारेच वापस?" बब्बूभाईनं पिशवी उजेडात धरली. "काय गुन्हा केला बिचाऱ्यायनं?"

"काही नाही. दुसरे द्या. तेवढेच. या मोठ्या टाकीतले नको, अगदी नवे. ज्यायनं ह्यायले पाहिलं नसन असे."

"सोयरीक करून राह्यले का भाऊ?" बब्बूभाईला हसू आवरेना. "कालच कलकत्त्याची खेप आली. बादलीतच हायेत अजून. पण ऐका, हे तसेच अन् ते तसेच. आईशप्पत, वेगळा ओळखून दाखवा मले एक तरी!"

त्यानं पिशवी फाडली. कुंदाचं वऱ्हाड मोठ्या टाकीतल्या तसल्याच रुपेरी गर्दीत पडलं, एकदा चमकलं, आणि पाण्यात पाणी मिसळावं तसं मिसळून गेलं.

*

बेबीताई समाधानानं आपल्या गावी गेली. आणि सुट्टी आली.

नीलकंठ टाकीसमोर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून. निकाल ऐकायला बसल्यासारखा. सूर्य काळवंडला. भोंगा वाजला. आधी खोल. मग लांब. मग आणखी लांब.

नवे मासे वाहत राहिले.

डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. भोंग्यातून, भोंग्याच्या आरपार, भोंगा नसल्यासारखे. डाव्या कोपऱ्याला त्यांनी इतर कोपऱ्यांइतकंच विचारलं. काचेपलीकडे एक जागा होती. तिच्यात खिडकीतून आलेली राख हळूहळू उतरत होती, आणि तिला अडवणारं काहीच नव्हतं.

सुटली.

त्यानं तो शब्द मनात म्हणून पाहिला. मग मोठ्यानं म्हणून पाहिला. घरानं तो परत केला.

कार्तिकात ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. रडायला गर्दी होती. आता ती दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी नेणारा तो एकटाच होता. पिशवीत भरून, गाठ मारून, मोटारसायकलवरून.

आठवडाभर तो पाळी सुटल्यावर वळणावर यायचा आणि मान वर करायचा. खिडकी खिडकीसारखी असायची. त्यात चेहरा आधीही नव्हता, वर्ष उलटून गेलं होतं, पण चेहरा नसणं त्याला आत्ता दिसू लागलं. रात्री ताटावर बसला की घास फिरायचा. एकच प्रश्न गवारीच्या शिरेसारखा दातात अडकून राहिला होता. मोकळं केलं की घालवलं?

पुढच्या सुट्टीला, ऊन कलताच, त्यानं मोटारसायकल काढली.

*

"तुमचे वाले?" बब्बूभाईनं भुवया चढवल्या. "कोणते तुमचे? नावं कोरली होती का भाऊ त्यायच्यावर?"

"दोन हप्त्याआधी आणून देल्ले ते. वापस पायजेत."

"आधी नेता, मंग देता, आता वापस. ग्रहबिह बरे हायेत ना?" पण नीलकंठचं तोंड पाहून तो हसायचा थांबला. "त्या मोठ्या टाकीत हायेत. म्हणजे होते. कोणते गेले, कोणते राह्यले, मलेबी नाही सांगता येत. लय खपून राह्यले ना डॅनिओ."

"खपले?"

"अरे गिऱ्हाइकांची गर्दी हाये भाऊ! आत्ता पाहा. वेळच झाली."

बाहेर बाजारावर राख उतरत होती. भाजीच्या गाड्यांवर दिवे लागत होते. आणि दूर, चिमण्यांच्या मुळाशी, कोणीतरी दिवसभर धरलेला श्वास सोडला.

भोंगा.

मोठ्या टाकीतली ती प्रचंड, अगणित, वितळल्या चांदीसारखी झुंड थांबली. सगळी. जुने, नवे, त्याचे, परके. वळली. डावीकडे लोटली. काचेला भिडली. खालून वरपर्यंत डोळ्यांची एक भिंत उभी राहिली, पापणी नसलेल्या, न हलणाऱ्या, वाट बघणाऱ्या डोळ्यांची.

"दोन हप्ते झाले, हेच नाटक," बब्बूभाई कौतुकानं कुजबुजला. "भोंगा वाजला का सारे तिकडं. लोकं पाहाले येतात, अन् घेऊनच जातात. शाळेतल्या एक बाई घेऊन गेल्या. डाकबंगल्यामागचे वकीलसाहेब घेऊन गेले. स्टेशनपल्याड तं तीन घरी गेले. अन् फोन येतात ना भाऊ! म्हणतात, आमच्या घरीबी भोंग्यावर कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. काय शिकवलं बब्बूभाई? आता म्या काय शिकवलं? म्या तं मॅट्रिकबी नाही."

नीलकंठ ऐकत होता. ऐकता ऐकता त्याला गाव दिसू लागलं. राखेखालचं, काळवंडलेलं, दिवेलागणीचं गाव. शाळेतल्या बाईंची बैठक. वकिलांचं कार्यालय. स्टेशनपल्याडच्या बुटक्या घरांतली बुटकी टेबलं. आणि या क्षणी, या एकाच लांब आवाजाखाली, त्या प्रत्येक घरात थोडं पाणी, पाण्यात थोडं रुपं, आणि ते सगळं डाव्या अंगाला वळलेलं. प्रत्येक घरात कोपऱ्याशी एका बाईपुरती जागा. प्रत्येक जागेकडे लागलेले डोळे. त्या घरांतल्या बायका पोळी लाटता लाटता त्या जागेला उगीचच वळसा घालून जात असतील. का, ते त्यांना सांगता येत नसेल.

कमी होऊ देणार नाही, तो म्हणाला होता.

कमी झालंच नव्हतं.

भोंगा अजून चालू होता. तो काउंटरला वळसा घालून आत गेला. मोठ्या टाकीची डावी बाजू, काच आणि भिंत यांच्यामधली अरुंद फट. अंग चोरून तो तिच्यात शिरला. त्याचे खांदे मावले.

इतक्या जवळून त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सगळे डोळे त्याच्याकडे होते. पण त्याच्यावर नव्हते. त्याच्या थोडे डावीकडे. थोडे खाली. जिथे नुसती हवा होती, तिथे. कुंदा उभी राहिली की त्याच्या खांद्याला लागायची.

 दुकानातली हवा गरम होती, आणि त्या एका बाजूनं मात्र, दंडापासून मनगटापर्यंत, पाण्यात हात घातल्यासारखा गारवा.

त्यानं वळून पाहिलं नाही. काही विचारलं नाही. डोळ्यांची ती भिंत हलत नव्हती, भोंगा लांबत होता, राख उतरत होती, आणि साऱ्या गावातली सगळी वऱ्हाडं एकाच वेळी, एकाच उंचीवर, एकाच चेहऱ्याकडे बघत होती.

नीलकंठ फक्त जरासा सरकला. भिंतीला टेकला. आणि शेजारी जागा केली.